शुगर एकट्याची नसते

दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात माझा एचबीए१सी ६.१ निघाला. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती, ते या तपासणीतून कळतं. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह, आणि या दोहोंच्या मधला पट्टा म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. रिपोर्ट हातात देणारा माणूस म्हणाला, "सर, बॉर्डरवर आहे, टेन्शन घेऊ नका." मी मात्र घेतलं. मी शिक्षक आहे. पोरगा ३४ मार्कांवर अडकला तर 'बॉर्डरवर आहे' म्हणून आम्ही त्याला सोडून देत नाही. त्याच्याच मागे जास्त लागतो, कारण तिथेच मेहनतीचा उपयोग असतो.

घरात हुकूम सुटला. माझी साखर बंद, भात बंद. पत्नी माझ्यासाठी वेगळी डाळ, वेगळी भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर करू लागली. फजरनंतर मी चिखली रस्त्याने पाऊण तास चालायला जाऊ लागलो. आठ महिन्यांत पाच किलो वजन उतरलं आणि रिपोर्ट ५.६ आला. अमडापुरात ज्याला त्याला सांगत फिरलो की बघा, मनात आणलं तर होतं.

मग एके दिवशी आशाताई आल्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी चालू होती. पत्नीने सहज बोट पुढे केलं. साखर जास्त दिसली, म्हणून रक्त तपासून घेतलं. एचबीए१सी ६.३.

मी तब्येत सांभाळत होतो त्या आठ महिन्यांत माझ्या वाट्याचा भात कोण खात होतं, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. रात्रीचा उरलेला भात तिच्याच ताटात जात होता. मुलांनी सोडलेलं तीच खात होती, कारण अन्न टाकायचं नसतं. माझ्यासाठी वेगळं रांधल्यावर स्वतःसाठी तिसरं काही करायला तिला वेळ कुठे होता? आणि ज्या रस्त्याने मी चालत होतो त्या रस्त्यावर ती एक दिवसही आली नव्हती.

म्हणून हा लेख. शुगरवर आपल्याकडे जो सल्ला मिळतो तो एका माणसाला उद्देशून असतो: हे खा, ते सोडा, चाला. पण आपल्या घरात काय शिजेल हे एक माणूस ठरवत नाही, आणि चालायला कोण बाहेर पडेल हे तर मुळीच नाही. ते घर ठरवतं, मोहल्ला ठरवतो. मग इलाजही घराला आणि मोहल्ल्यालाच करावा लागेल. हे न मानता आपण ज्या सबबी सांगतो, त्या एकेक करून बघू.

पहिली सबब: "बॉर्डरवर आहे, अजून झाली नाही." आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधुमेहपूर्व अवस्थेत १३ कोटी ६० लाख. म्हणजे उंबरठ्यावरची गर्दी घरातल्या गर्दीपेक्षा मोठी आहे. ही गर्दी आपोआप मागे फिरत नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ उंबरठ्यावरच्या लोकांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचा मोघम सल्ला देऊन सोडलं त्यांच्यापैकी शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्या-चालण्याचा नीट पाठपुरावा केला त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांत जवळपास तेवढंच, ४० च्या आसपास. म्हणजे ताट आणि पाय मिळून गोळीइतकं काम करतात. अमेरिकेत २००२ मध्ये असाच मोठा अभ्यास पुरा झाला. तिथे सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे उद्दिष्ट होतं, आणि त्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. 'बॉर्डर' ही निवांत बसायची जागा नाही, परत फिरता येण्याची ती शेवटची सोयीची जागा आहे.

दुसरी सबब: "मी तर बारीक आहे, शुगर जाड्या लोकांना होते." याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून दिलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार, अशी आपल्या देशातल्या लोकांची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत याच चमूने १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. विलायतेतल्या बाळांशी तुलना केली तर ती हडकुळी, पण चरबीच्या बाबतीत तेवढी मागे नाहीत. म्हणजे शुगरची गोष्ट आईच्या पोटात सुरू होते. सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर उरलंसुरलं खाणारी सून आणि पन्नाशीत शुगर निघणारा तिचा मुलगा, या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. त्या एकच आहेत.

तिसरी सबब आपल्या खास लाडाची: "नुस्खा आहे ना!" कलौंजी, मेथीचं पाणी, कारल्याचा रस, दालचिनी. मोबाइलवर रोज एक येतो, आणि खाली लिहिलेलं असतं की पुण्य समजून पुढे पाठवा. मेथी-कारलं खायला माझी हरकत नाही, भाजी म्हणून खा. पण सकाळी कारल्याचा रस आणि दुपारी दोन ताट बिर्याणी, याला इलाज कसं म्हणायचं? त्याहून मला राग येतो तो 'सुन्नत' हा शब्द लावून मध आणि खजूर शुगरवाल्याला मनमुराद खायला सांगणाऱ्यांचा. मध ही साखरच आहे. खजुरातही साखर भरपूर असते. इफ्तारला एक-दोन खजूर हा एक मामला, आणि 'यातून काही होत नाही' म्हणत डबा समोर घेऊन बसणं हा दुसरा. सुन्नतच हवी असेल तर पोट पूर्ण न भरता, पाण्याला आणि श्वासाला जागा ठेवून उठण्याची शिकवण आपल्यापाशी आहे. ती पाळायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती कोणी विकत नाही.

चौथी सबब जरा सुशिक्षितांची: "आम्ही पोळी सोडली, भाकरी धरली." बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. आपल्या वाडवडिलांचं पोट ज्वारीवर भरत होतं. पुढे शेतात सोयाबीन आलं आणि रेशनवर गहू-तांदूळ, ज्वारी मागे पडली. ती परत यावी असं मलाही वाटतं. पण २०२५ मध्ये याच आयसीएमआर पाहणीतून आलेला निष्कर्ष नीट ऐका: आपल्या खाण्यातल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के धान्य आणि साखर यांसारख्या पिष्ट पदार्थांतून येतात, आणि मैदा-तांदळाच्या जागी नुसता गहू किंवा भरड धान्य आणल्याने धोका कमी होताना दिसत नाही. एकूण पिष्ट कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली तर फरक दिसतो. म्हणजे तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी हा बदलच नव्हे. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, ताटभर भाजी, एखादं अंडं, हा बदल. आपला वाजे डाळीला बुडवतो, दालचा पातळ करतो आणि ताट भाताने भरतो. ते उलटं करायचं आहे.

महाराष्ट्रात मधल्या काळात मोठा वाद रंगला होता. डॉ. जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं करून खा. घराघरांत दोन पक्ष पडले. गंमत म्हणजे चालायला, अंग हलवायला दोघांपैकी कोणीच नाही म्हणत नव्हतं. पण भांडणारे खुर्चीतून उठले नाहीत. आपण तर वर्षातून एक महिना दोन वेळाच जेवतो. तरी ईदपर्यंत वजन वाढलेलं असतं, कारण दिवसभराची कसर आपण भजी, समोसे आणि लाल सरबताने तासाभरात भरून काढतो.

आता शेवटची बाब, जिच्यावर आपण बोलतच नाही. बायकांनी चालायचं कुठे? माझी पत्नी दुसऱ्या आठवड्यात माझ्यासोबत निघाली. तिसऱ्या दिवशी एका बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्टर, घरात काम नाही का?" मी चालत होतो तेव्हा हेच बुजुर्ग माशाअल्लाह म्हणत होते. बुरखा घालून, नवऱ्यासोबत, उजाडल्यावर रस्त्याने चालणारी बाई ज्या समाजाच्या नजरेत खुपते, त्या समाजाने 'आमच्या बायकांना शुगर फार' अशी तक्रार करू नये. वाढत्या शुगरने डोळे आणि मूत्रपिंडं जातात, पाय कापावे लागतात. तेव्हा तालुक्याला, जिल्ह्याला तिला दवाखान्यात नेताना पडद्याचा प्रश्न कोणी काढत नाही. तोवर ती चार पावलं चालली असती तर काय बिघडलं असतं?

मागण्या मोठ्या नाहीत. घरात वेगळा स्वयंपाक बंद करा. आजाऱ्याचं ताट तेच सगळ्यांचं ताट, आणि घरातली बाई सगळ्यांसोबत बसून जेवेल. चहात साखर विचारून घाला, आणि पाहुणा नको म्हणाला तर त्याला कसम घालू नका. वलीम्यात दोन गोडाऐवजी एक ठेवा, आणि ताट पुन्हा भरण्याचा आग्रह सोडा. ईदगाहचं किंवा शाळेचं मैदान असरनंतर एक तास बायकांसाठी राखून ठेवा. जुम्याच्या दिवशी मशिदीतून एक एलान करा की तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी, सरकारी तपासणी फुकट आहे. ज्यांची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र जेवणात किंवा रोज्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, साखर एकदम उतरणंही जिवावर बेतू शकतं.

राहिला तकदीरचा सवाल. "नशिबात असेल ते होईल" असं म्हणणारे लोक रात्री दाराला कडी लावतात, शेताला कुंपण घालतात, गाडीचा विमा काढतात. तकदीर त्यांना फक्त ताटासमोर आठवते.

आता आमच्या घरात एकच भाजी शिजते. पत्नी आणि मी रोज चिखली रस्त्याने चालतो. मागच्या महिन्यात तिचा रिपोर्ट ५.९ आला. अजून बॉर्डरवरच आहे, म्हणून अजून चालतो आहोत. ते बुजुर्ग अजून बघतात. परवा मात्र त्यांच्या सूनबाईंनी पत्नीला निरोप पाठवला, "भाभी, उद्या निघताना आवाज द्या."

वाचकहो, आवाज द्या.