तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

टेलिफोनवर आईचा आवाज तुम्ही क्षणात ओळखता. यात नवल ते काय, असे म्हणाल. पण नवल आहे. जुन्या टेलिफोन-व्यवस्थेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचे ध्वनी पलीकडे जात. पुरुषाच्या बोलण्याची मूळ कंप्रता सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, स्त्रीची दोनशेच्या आसपास. म्हणजे आवाजाचा पायाच वाटेत गळून पडे! तरीही तो ऐकू येई. कारण मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे जे स्वर पोचत, त्यांवरून आपला मेंदू हरवलेला स्वर भरून काढतो. पुढे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन ते आकड्यांच्या रूपात पाठवू लागले, आणि नव्या मोबाईलवर हा पट्टा बराच रुंदही झाला. पण त्या अरुंद चाळणीतूनसुद्धा दाटलेला गळा, अडखळलेला शब्द आणि बोलता बोलता पडलेली शांतता पलीकडे पोचत होती. मनाचे दुखणे सांगायला एवढे पुरते.

लंडनमध्ये चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकाने १९५३ साली नेमके हेच ओळखले. जगणे नकोसे झालेल्या माणसाने फोन करावा आणि कोणीतरी तो ऐकून घ्यावा, एवढ्या साध्या कल्पनेतून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची सेवा सुरू केली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसाचे चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज दिसली तर तज्ज्ञाशी जोडून देतो. २०२५ च्या आरंभापर्यंत या सेवेकडे १८ लाखांहून अधिक फोन आले होते.

हा आकडा मोठा वाटतो ना? आता दुसरे आकडे पाहा. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. तीत १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुले. आणि सर्व वयांचा विचार करता, निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. देशात लाख लोकसंख्येमागे पुरा एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. गडचिरोलीच्या मुलीने काय करावे? तिच्यासाठी ही तार म्हणजे खरोखरीचा रस्ता आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र आता काहीजण म्हणतात, पलीकडे माणूस तरी कशाला हवा? संगणकच बोलेल की! या विचाराचा इतिहास जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. हे नाव बर्नार्ड शॉच्या नाटकातील नायिकेचे, पु. लं.नी तिचीच ‘ती फुलराणी’त मंजुळा केली. कार्यक्रमाची युक्ती अगदी साधी होती. तुमच्या वाक्यातला एखादा शब्द उचलायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा. ‘आई’ म्हटले की तो घरच्यांविषयी विचारी. समजत काहीच नव्हते. पण वायझेनबॉम यांच्या सचिव बाई त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबॉम हादरले, आणि १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर पुस्तकच लिहिले.

आजचे बोलके संगणक एलायझाहून कितीतरी हुशार आहेत, हे मान्य. श्वासाचा व्यायाम समजावणे, झोपेची नोंद ठेवायला सांगणे, ही कामे ते बरी करतील. पण सांगणारे मूल दोन दिवस जेवलेले नाही, ही गोष्ट त्याने लिहिली तरच यंत्राला कळणार. आणि कळली तरी यंत्र शेजारच्या काकूंना हाक मारू शकत नाही. शिवाय लिहिलेले जाते कोठे, हाही प्रश्न आहेच. ‘बेटरहेल्प’ या अमेरिकन कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा एखादे ‘मोफत’ ॲप मन मोकळे करायला बोलावू लागले, तर आधी त्याचा खर्च कोण करतो ते विचारा.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांच्या खिशात, आणि खोल्या दोन. अशा घरातल्या मुलाने चोवीस तास खुल्या असलेल्या क्रमांकावर बोलायचे कधी? शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचे काम आहे. मधल्या सुट्टीत एक रिकामी खोली आणि शाळेचा फोन. का, असे न विचारता. आणि मुलांनो, एखादा मित्र जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर ते गुपित ठेवू नका. १४४१६ ला फोन कराच, पण त्याच दिवशी भरवशाच्या मोठ्या माणसालाही सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. आणि टेली-मानससारख्या सेवांचे क्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत. समुपदेशक नेमायला वेळ लागेल, पैसाही लागेल. क्रमांकाचा फलक मात्र उद्याच्या प्रार्थनेआधी लागू शकतो. तो तुमच्या वर्गात आहे का, आणि शेवटच्या बाकावरून वाचता येतो का, ते उद्या पाहा.