ढगातला मुकादम



मागच्या महिन्यात मी चार दिवस मेलो होतो. मला पत्ताच नव्हता.

त्या चारही दिवशी मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या धक्क्यावर कास्टिंगच्या पेट्या ट्रकात चढवत होतो. घाम माझा, पाठ माझी, खांद्यावरचा वळ माझा. दिवस भरले सव्वीस, पगार आला बावीस दिवसांचा.

एचआरच्या मॅडमकडे गेलो. ‘सिस्टीममध्ये तुम्ही गैरहजर आहात.’ कंत्राटदाराकडे गेलो. ‘ते क्लाऊडवर असतंय रं, माझ्या हातात काय बी न्हाई.’ मोबाईलवर तक्रार टाकली. तक्रारीला नंबर मिळाला. तिसऱ्या दिवशी निरोप आला : आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. पैसे नाहीत, माणूस नाही, निराकरण मात्र झालं!

खरं कारण वॉचमननं सांगितलं. सकाळी धुतलेल्या तोंडानं आत जातो तेव्हा यंत्र मला ओळखतं. संध्याकाळी फाउंड्रीची काळी वाळू तोंडावर बसलेली असते, तेव्हा ओळखत नाही. बाहेर पडल्याची नोंद नाही, म्हणून दिवस नाही. त्याआधी अंगठा होता, तर पेट्या घासून घासून बोटांच्या रेघाच गेलेल्या. म्हणजे जो जास्त राबतो, तो यंत्राला कमी दिसतो. ह्याला म्हणतात आधुनिक व्यवस्थापन.

ही क्लाऊडची भानगड नीट समजून घ्या. तो आभाळातला ढग नव्हे. पूर्वी टाइम ऑफिसात मस्टर असायचं आणि मस्टरमागं एक टाइमकीपर असायचा. आता भरती, हजेरी, रजा, पगार, कामावरून काढणं, सगळं दुसऱ्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर. मालक ते भाड्यानं घेतो आणि भाडं बहुतेक ठिकाणी डोक्यामागं, दरमहा. माझ्या डोक्याचं भाडं वेळेवर पोचतं, माझी मजुरी अडकते. आणि हे कॉम्प्युटर काय अधांतरी लटकत नाहीत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात त्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, एमआयडीसीच्याच जमिनीवर. ढगसुद्धा एमआयडीसीतच आहे! फक्त त्याला असं गेट नाही, जिथं उभं राहून आपण ओरडावं.

हजेरी हा शब्द आपल्याला नवा नाही. ह्याच कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड माणसाला जन्मानंच चोर धरून चावडीवर हजेरी द्यायला लावत. कागद पाटलाचा, शिक्का पाटलाचा, आपलं फक्त तोंड. 1918 साली शाहू महाराजांनी ती हजेरी बंद केली. ती पहिली हजेरी.

दुसरी हजेरी माझ्या आज्याची. तो मुंबईच्या गोदीत होता. त्याच्याही आधी गोदीत टोळीवाला सकाळी ज्याच्याकडं बोट दाखवील त्याला काम, बाकीच्यांनी उपाशी परतायचं. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, मग डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेला कामगार हजर राहिला आणि त्या दिवशी काम मिळालं नाही, तरी हजेरीचा भत्ता मिळू लागला. आज्यानं ते कार्ड मरेपर्यंत ट्रंकेत जपलं. ती हजेरी मालकाच्या गळ्यातला फास होती, आमच्या नव्हे. पुढं 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचं नाव बोर्डात, मालकानं मजुरी आणि वर लेव्ही बोर्डाकडं भरायची. मी काम माथाड्याचंच करतो. पण ढगात माझा हुद्दा लिहिलाय ‘हेल्पर’. एक शब्द बदलला आणि 1969 चा कायदा धक्क्याच्या पायरीवरच बसून राहिला.

तिसरी हजेरी ही ढगातली. ती पहिलीसारखी आहे की दुसरीसारखी, एवढाच सवाल आहे.

जोडीदाराला सात मिनिटं उशीर झाला, यंत्रानं अर्धा दिवस कापला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता म्हणते, गैरहजेरी जेवढी तेवढीच कपात. तिच्याआधीचा 1936 चा कायदाही तेच सांगत होता. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांचा कायदा एका टिचकीत गेला, आणि टिचकी कुणी मारली म्हणून विचारलं तर उत्तर एकच : सिस्टीम. अरे, सिस्टीम काय आईच्या पोटातून जन्मली? तिच्यात तो नियम कुण्या माणसानंच भरला ना? पूर्वी मुकादमाची कॉलर तरी धरता येत होती. आता मुकादम ढगात जाऊन बसलाय.

दारात घेण्याची गोष्ट तर त्याहून जुनी. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त आडनाव वेगळं असे अर्ज खासगी कंपन्यांकडं पाठवून बघितले. 2007 साली निष्कर्ष छापून आला : दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोनतृतीयांशच. हे माणसांनी केलं. आता माणसांच्या ह्याच जुन्या निवडी खाऊन यंत्र शिकणार असेल, तर ते काय शिकेल? कोल्हापुरात ‘कांबळे’ टाइप केल्यावर पुढं काय होतं, ते यंत्राला वेगळं शिकवावं लागत नाही. अमेरिकेत डेरेक मोब्ली नावाच्या काळ्या माणसानं 2023 साली वर्कडे ह्या क्लाऊड कंपनीला कोर्टात खेचलं. शंभरावर अर्ज केले, तिच्या चाळणीतून सगळे नाकारले गेले, असा त्याचा दावा. 2025 साली कोर्टानं वयाच्या भेदभावाच्या मुद्द्यावर त्याच्यासारख्या इतरांनाही सामील व्हायची वाट मोकळी केली. तिथं एक माणूस उभा राहिला. आपल्याकडं कोण?

आणि ढग फुटला तर भिजतो कोण? 2021 च्या डिसेंबरात क्रोनोस नावाच्या हजेरी-पगाराच्या क्लाऊडवर खंडणीखोर घुसले. अमेरिकेतल्या इस्पितळांपासून कारखान्यांपर्यंत आठवडेच्या आठवडे पगाराचे घोळ. आपल्या देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला. त्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला आपल्या संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवलेली आहे. चेहरा आमचा, मुभा मालकाला!

आमच्यातला एक शहाणा म्हणतो, ‘भावा, मग कागदाचं मस्टर लई भारी होतं का?’ नव्हतं. मुकादम पेन्सिलीनं हजेरी मांडायचा आणि रबरानं माणसं खोडायचा. यंत्राला शिव्या घालणं आपलं काम नव्हे. बाबासाहेबांनी 1945 साली गांधीवादाला उत्तर देताना यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या मुठीत आहे त्या समाजरचनेचा, असंच त्यांचं म्हणणं. ढगातली नोंद सहज फाडता येत नाही, पुरात भिजत नाही. मग ती आमच्याही हातात द्या की! आम्हाला मस्टर जाळायचं नाही, मस्टरची किल्ली पाहिजे.

आमचं मागणं साधं आहे. रोजची हजेरी ज्याची त्याला मराठीत, त्याच दिवशी दिसली पाहिजे. कपातीचे नियम गेटवर फळ्यावर लागले पाहिजेत. यंत्र चुकलं तर ते दुरुस्त करायचा अधिकार असलेला एक जिवंत माणूस गेटवर बसला पाहिजे, नावासकट. ‘हेल्पर’ खोडून माथाडी लिहिलं पाहिजे. आणि कुणाला घेतलं, कुणाला गाळलं, ह्याचा हिशेब जातवार बाहेर आला पाहिजे. शाहू महाराजांनी 1902 साली निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या गावाच्या वेशीवर एवढं मागणं जास्त नाही.

माझ्या चार दिवसांचे पैसे अजून आलेले नाहीत. पण आता रोज सुटताना मी शंभर पानी वहीत तारीख, वेळ, ट्रकचा नंबर आणि शेजारी राबणाऱ्याची सही घेतो. धक्क्यावरच्या अकरा जणांनी अशा वह्या घातल्यात. पगाराच्या दिवशी बाराच्या बारा वह्या घेऊन आम्ही गेटवर उभे राहणार आहोत, वाळूनं माखलेल्या तोंडांनीच.

ओळखा म्हणावं आता.

जय भीम!