मातीवरचा ठसा

गडचिरोलीतल्या भामरागडजवळच्या हेमलकशात पावसाची सर ओसरली की ओल्या मातीवर धावून गेलेल्या पोरांची पावलं उमटतात. बोटांकडचा भाग खोल, टाच जेमतेम. रानात मागावर असलेला माडिया आदिवासी माणूस ठशावरून जनावराची चाल सांगतो. धावण्याचं जैवयांत्रिकी शास्त्र नेमकं हेच करतं, फक्त मोजून. २०१० साली हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की अनवाणी धावायची सवय असलेले धावपटू बहुतेकदा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्यावर बसणारा अचानक हादरा जवळपास टळतो. १९७३ मध्ये हेमलकशात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या आश्रमशाळेसारख्या शाळांत वाढणाऱ्या मुलांच्या पायांत ही रानवाटांची कमाई आहे. तिथं पोचणाऱ्या प्रशिक्षकानं बूट वाटण्याआधी ती बघावी. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल पुरे: वेगात धावणाऱ्याचा पाय जमिनीला सेकंदाचा दहावा भाग टेकला, तर ती चोवीस चित्रं होतात. प्रत्येक चित्रात गुडघा, घोटा, कंबर दिसते. कुठं जोर वाया जातो, कुठं दुखापत दबा धरून बसली आहे, ते कळतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं. पाड्यावरच्या पायांत काय ताकद असते, हे तेव्हाच सिद्ध झालं. आता शास्त्रानं भामरागडची वाट धरावी, आणि शिकवण्याआधी ती माती नीट वाचावी.