गुंठ्यांचे नगर आणि आंधळी पालिका

शेतजमिनीचे गुंठे पाडून विकायचे, मुरूम पसरून त्याला रस्ता म्हणायचे आणि गटार नकाशावरच ठेवायचे, हा उद्योग महाराष्ट्रातील शहरांभोवती वर्षानुवर्षे दिवसाढवळ्या चालला. नगरपालिकांना तो दिसलाच नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा? १९४७ चा तुकडेबंदी कायदा होता, १९६६ चा नगररचना कायदा होता. तरीही २००१ साली गुंठेवारी नियमित करणारा अधिनियम आणावा लागला. १ जानेवारी २००१ ही त्याची कालमर्यादा. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. त्या अधिनियमाच्या नावातच ‘नियंत्रण’ हा शब्द आहे! मग मधली वीस वर्षे नियंत्रण कोणी केले?

आयुष्याची पुंजी ओतून उभारलेले छप्पर पाडा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरतो तो बिचारा भूखंडधारक. गुंठे विकणारा केव्हाच नामानिराळा झालेला असतो.

आणि एवढे भरून होणारा रस्ता तरी कसा? खडीचा थर अभियंत्याने जागेवर मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवायचा असतो. टेबलाशी बसून ती भरली, की पहिल्या पावसात खडी उघडी पडते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार नागरिकाला दिला आहे. ठेकेदाराचे अंतिम देयक निघण्यापूर्वी प्रत्येक वसाहतीतून असा एक अर्ज पालिकेत गेलाच पाहिजे.