धुळ्याची फाइल, जळगावची फाइल

अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून मागे एका उन्हाळ्यात एक आजी तपासणीसाठी आल्या होत्या. वय ७८. सोबत मुलगा आणि मुलगी, दोघांच्या हातांत एकेक फाइल. मुलगा जळगावला नोकरीस, मुलगी धुळ्याला दिलेली. त्यामुळे आजींच्या रक्तदाबाचे उपचार जळगावात चालत आणि गुडघ्यांचे व झोपेचे धुळ्यात. आजी ज्या लेकराकडे असतील, तिथली फाइल उघडली जाई. त्या दोन्ही फायली एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवण्याचा योग त्या दिवशी प्रथमच आला. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलांची तक्रार थोडक्यात अशी : आई दोन महिन्यांत दोनदा पडली, विसरू लागली आहे आणि वाळत चालली आहे. यजमान गेल्यापासून त्या खेड्यात एकट्याच राहत. आता घराला कुलूप लावायचे हे दोघांचेही ठरले होते. तिने जळगावला राहावे की धुळ्याला, एवढेच डॉक्टरांनी सांगावे अशी अपेक्षा होती. आजी मात्र सारा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत गप्प बसल्या होत्या. त्यांना काही विचारले की उत्तर मुलगा देई, आणि तो थांबला की मुलगी.

एक कबुली आधीच देतो. पहिल्या भेटीत मीही रक्तदाब खुर्चीत बसवूनच मोजला. तो १३२/७८ निघाला आणि मी समाधानाने मान डोलावली. बाहेर रांग होती. ‘वयोमानाने होणारच’ हे वाक्य माझ्याही ओठांवर आले होते. ते तेथेच थांबले याचे श्रेय मुलीच्या एका प्रश्नाला आहे. तिने विचारले, “पण ती रात्रीच का पडते?”

त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका अवयवाच्या तपासणीत नव्हते. हृदयाचा आलेख ठीक होता, क्ष-किरण चित्रात गुडघ्यांची झीज होती, रक्ताचे अहवाल बरे होते. अशा वेळी करावयाच्या तपासणीला वृद्धांचे सर्वंकष मूल्यमापन म्हणतात. तिच्यात रोगांबरोबर रोजची कामे, चालणे, स्मृती, मन, दृष्टी, श्रवण, आहार, औषधे, राहते घर आणि सांभाळणारी माणसे यांची एकत्र चौकशी होते. या पद्धतीची सुरुवात लंडनमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात झाली. १९३५ मध्ये शेजारच्या निराधारगृहातील ७००हून अधिक रुग्ण तेथील डॉ. मार्जरी वॉरन यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते. बाईंनी प्रत्येकाला नव्याने तपासले, वर्गवारी केली, ज्यांना उठवणे शक्य होते त्यांना उठवले. आणि अनेक जण घरी परतले. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा मूल्यमापनाविषयीच्या २९ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात १३ हजारांहून अधिक रुग्ण होते. रुग्णालयात असे मूल्यमापन झालेले वृद्ध काही महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता अधिक आढळली. यातील ‘स्वतःच्या घरी’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

आजींना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले आणि येताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणण्यास सांगितले. सर्व म्हणजे सर्व : मेडिकलवाल्याने चिठ्ठीविना दिलेली, शेजारणीने सुचवलेली, काढे आणि चूर्णेसुद्धा. पिशवीतून रोजच्या ११ गोळ्या निघाल्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन निराळ्या नावांनी दोन्ही गावांतून चालू होती. जळगावची लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावयाची होती, पण ती रात्रीच्या गोळ्यांच्या डबीत जाऊन बसली होती. धुळ्याची झोपेची गोळीही त्याच डबीत. शिवाय गुडघ्यांसाठी वेदनाशामक, तेही रोज. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी आपापल्या फाइलपुरते योग्यच लिहिले होते.

मग आजींना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजला आणि उभे केल्यावर एका मिनिटाने पुन्हा मोजला. १३४चा १०४ झाला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला, तर तो दोष मानतात. येथे ३० उतरला होता. आता रात्रीचे चित्र पाहा. मे महिना, ४४-४५ अंशांचा खान्देशी उन्हाळा, त्यात ‘रात्री उठावे लागते’ म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. झोपेच्या गोळीची गुंगी, लघवीच्या गोळीमुळे तीनदा उठणे, अंगणाच्या टोकाला शौचालय आणि तेथवर दिवा नाही. आजी रात्रीच का पडत, हे यापुढे सांगावयास नको.

वाळण्याचे कारण तोंडात सापडले. कवळी सैल झाली होती, म्हणून ती डब्यात ठेवलेली. कळण्याची भाकरी चावत नाही, ती मऊ करून द्यायला घरात कोणी नाही. मग चहा-बिस्किटे आणि कधी खिचडी. विसरण्याबाबत मात्र वेळ लागला. उजव्या कानात मळाचा खडा होता आणि डाव्या कानाने मुळातच कमी ऐकू येई. अर्धे प्रश्न पोहोचतच नव्हते. न पोहोचलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर आले की घरात ते ‘विसरणे’ म्हणून नोंदले जात होते.

स्मृतीची परीक्षा ही आपल्या भागात नाजूक बाब आहे. आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करा, हे वाक्य लिहा, असे प्रश्न शाळा शिकलेल्या माणसांसाठी बेतलेले आहेत. ही अडचण ओळखून हरयाणातील वल्लभगढ येथे संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार केली; ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अहिराणी हीच ज्यांची घरची भाषा, त्यांना प्रमाण मराठीतून घाईने प्रश्न विचारणे हाही एक अन्यायच. आजींना तारीख सांगता आली नाही. परंतु आखाजी होऊन किती दिवस झाले, अमळनेरचा बाजार कोणत्या वारी असतो आणि कोणत्या शेजारणीकडे किती पायल्या ज्वारी येणे आहे, हे त्यांनी न अडखळता सांगितले. तीन शब्द लक्षात ठेवण्यास दिले, त्यांपैकी दोन आठवले. झोपेची गोळी चालू असताना यावर शिक्कामोर्तब करणे चूक ठरले असते. म्हणून निष्कर्ष पुढे ढकलला.

रोजच्या कामांची चौकशीही जशीच्या तशी उचलून चालत नाही. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत कामे ठरवली : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठून दुसरीकडे बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. आपल्याकडे आंघोळ म्हणजे बादली सरकवणे, पाटावर बसणे आणि पाटावरून उठणे. शौचास जाणे म्हणजे बहुधा उकिडवे बसणे. तेव्हा ‘आंघोळ करता का’ एवढे विचारून भागत नाही, ‘पाटावरून उठताना काय धरता’ हे विचारावे लागते. १९६९ची लॉटन आणि ब्रॉडी यांची यादी पैशांचे व्यवहार, औषधे घेणे, बाजारहाट, प्रवास, स्वयंपाक अशा कामांची आहे. तिच्या मूळ रूपात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांचे गुणच धरले जात नसत! आपल्या आजोबांच्या बाबतीत मळ्यात एकटे जाऊन येतात का, कापसाच्या पट्टीचा हिशेब लावतात का, हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

मनाविषयी शेवटी विचारले, तेही मुलांना बाहेर बसवून. यजमान दिवाळीच्या सुमारास गेले होते. त्यानंतर कशात गोडी वाटते का, असे विचारल्यावर आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माले घर जानं शे.” दोन्ही फायलींच्या साठ-सत्तर कागदांत हे वाक्य कोठेही नव्हते.

वाचकहो, आपल्या देशात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात १९९६ मध्ये सुरू झाले, पण वृद्धरोगतज्ज्ञ आजही मोजकेच आहेत. त्यामुळे हे काम बहुतेक ठिकाणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाच करावे लागते, आणि त्यांना अर्धी मदत घरातून होऊ शकते. भेटीला जाण्यापूर्वी घरातील वृद्ध व्यक्तीचा एक पूर्ण दिवस कागदावर उतरवा : किती वाजता उठतात, कशाला धरून उठतात, काय आणि किती खातात, कोठे अडतात, रात्री किती वेळा उठतात. औषधांची पिशवी बरोबर घ्या. मात्र त्यातील एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन आपोआप उतरले असेल, तर ते आवर्जून सांगा. घरी एक साधी चाचणीही करता येते : खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे. चाचणीच्या वेळी कोणीतरी शेजारी उभे असावेच. आणि दवाखान्यात प्रश्न त्यांना विचारला असेल, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. हे फार कठीण जाते, हे मी रोज पाहतो.

सांभाळणाऱ्याची प्रकृती हाही या मूल्यमापनाचाच भाग आहे. या प्रकरणात मुलीची पाठ आईला उचलून दुखावली होती आणि सून सहा महिने रात्री नीट झोपली नव्हती. दोघींनीही ते सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

दोन्ही गावांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ११ गोळ्यांच्या ६ केल्या. झोपेची गोळी हळूहळू उतरवत नेली, लघवीची सकाळी आणली, रोजचे वेदनाशामक थांबवून गुडघ्यांसाठी व्यायाम आणि शेक दिला. कानातला मळ काढला, कवळी नवी झाली. उभे असतानाचा रक्तदाब सुधारला आणि पुढील चार महिन्यांत आजी एकदाही पडल्या नाहीत. वजन दीड किलो वाढले. स्मृती मात्र पूर्ववत झाली नाही. गोळी सुटल्यावर पुन्हा घेतलेल्या चाचणीतही तिसरा शब्द हुकला. विसरण्याची सुरुवात आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे लागले. दर सहा महिन्यांनी तपासावे लागेल हेही.

राहण्याचा प्रश्न मी सोडवला नाही. तो आमच्या अखत्यारीतला नसतोही. बरीच बोलाचाली झाली. मुलाला खेड्यातले एकटेपण मान्य नव्हते, आजींना जळगावच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली. अखेर कानबाईच्या सणाला सगळे गावी जमले असताना असे ठरले की, उन्हाळ्याचे तीन महिने मुलाकडे आणि बाकी काळ गावात. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन गोळ्या देईल आणि भाकरी करून जाईल. अंगणात दिवा बसला, शौचालयात धरायला लोखंडी दांडी बसली, खुर्चीची सोय झाली. दोन्ही फायली आता एकाच कापडी पिशवीत असतात, आणि ती पिशवी आजींच्या घरात खुंटीला टांगलेली असते.