नारिंगी झेंडीची सायकल

दिवाळीच्या अंकात एड्सचा विषय कशाला, असे म्हणून काही वाचक पान उलटण्याच्या बेतात असतील. त्यांनी जरा थांबावे. आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट रोगाची कमी आणि सायकलीची जास्त आहे. त्याहूनही जास्त ती पंगतीची आहे, आणि पंगतीचा विषय दिवाळीला वर्ज्य असल्याचे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस ही दोन मोठी शहरे आहेत. त्यांच्यामधला आडवळणाचा रस्ता, कधी समुद्राच्या कडेने, कधी द्राक्षांच्या मळ्यांतून, कधी उघड्याबोडक्या टेकड्यांवरून, साधारण साडेपाचशे मैलांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेनऊशे किलोमीटरांचा भरतो. १९९४ साली ४७८ माणसे सात दिवसांत हा पल्ला सायकलीने गाठायला निघाली. त्या काळी या रोगाला खरा आवर घालील असे औषध हाती नव्हते. तीन औषधांचा एकत्रित उपचार आला तो १९९६ च्या सुमारास. तोवर या दोन शहरांत घरोघरची तरुण मुले गेली होती, विशेषतः समलिंगी पुरुष. आणि त्यांतल्या कित्येकांना रोगाच्या आधी घरच्यांनीच टाकले होते. अशा दिवसांत निघालेली ही यात्रा.

२००२ पासून तिचे नाव ‘एड्स लाईफसायकल’ झाले. सॅन फ्रान्सिस्कोची एड्सचे काम करणारी संस्था आणि लॉस एंजेलिसचे समलिंगी समाजाचे केंद्र, दोघांनी मिळून ती पुढे चालवली. दर जून महिन्यात दोन-दोन हजारांहून अधिक सायकली रस्त्यावर येऊ लागल्या. सामील व्हायचे तर प्रत्येकाने निदान तीन हजार डॉलर वर्गणी गोळा करून आणायची. गणपतीची वर्गणी मागताना ज्यांच्या तोंडाला कोरड पडते त्यांनी कल्पना करावी! या वर्गणीतून एच. आय. व्ही. ची तपासणी, औषधोपचार, समुपदेशन असा खर्च भागे. १९९४ पासूनचा सगळा हिशेब मांडला तर रक्कम तीस कोटी डॉलरांच्या वर जाते.

पण पैसा हा या गोष्टीतला आम्हाला सर्वांत कमी रस असलेला भाग. पैसा नाटकाचा प्रयोग लावूनही जमवता येतो.

सात दिवस सायकल मारायची म्हणजे सात दिवस एकत्र राहायचे, हे लक्षात घ्या. दिवसभर साठ-सत्तर मैल, कधी शंभराच्या वर, पायडल मारून यायचे आणि संध्याकाळी माळावर तंबू ठोकायचे. एका तंबूत दोघे. सोबती ठरवून आणला नसेल तर कोणी अनोळखी माणूस वाट्याला यायचा. सामान वाहायला, वाढायला, पंक्चर काढायला शेकडो स्वयंसेवक असत. त्यांना पगार नाही आणि बक्षीसही नाही. सकाळची न्याहारी एकत्र, रात्रीचे जेवण एकाच मांडवात. वाटेत ब्रॅडली नावाचे अगदी छोटे गाव लागे. तिथल्या शाळेसाठी गावकरी मिळून या सायकलवाल्यांना जेवण करून घालत, आणि त्या विक्रीतून शाळेच्या मुलांचे कार्यक्रम चालत. पाचव्या दिवशी सगळ्यांनी लाल कपडे घालायचे, म्हणजे टेकडीवरून पाहणाऱ्याला वळणावळणाचा रस्ता एड्सच्या लाल फितीसारखा दिसावा. पुढे पुढे भल्याभल्या मिशाळ पुरुषांनी त्या दिवशी लाल झगे घालायला सुरुवात केली. थट्टेशिवाय सात दिवस सायकल चालवणे कोणालाच शक्य नसावे.

आता त्या झेंडीकडे येऊ. या यात्रेत ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ नावाचा एक गट असे. ज्यांच्या रक्तात एच. आय. व्ही. आहे अशा सायकलस्वारांचा. ते आपल्या सायकलीला मागे एक नारिंगी झेंडी लावत. कोणाची सक्ती नाही, ज्याला वाटेल त्याने लावावी. चढावर तुम्ही धापा टाकत असावे, बाजूने कोणी घंटी वाजवून सहज पुढे निघून जावे, आणि मग त्याच्या पाठीमागे फडफडणारी ती झेंडी दिसावी! रोगी म्हणून ज्याचे चित्र तुम्ही मनाशी धरलेले, खंगलेला, अंथरुणाला खिळलेला, तो तुम्हाला मागे टाकून गेलेला असतो. संध्याकाळी तोच जेवणाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो. रात्री गोळी घेतो, तुम्ही रक्तदाबाची घेता तशी, आणि तुमच्या शेजारच्या तंबूत घोरतो.

व्याख्यानात हे घडत नाही. एच. आय. व्ही. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, खोकल्याने, डास चावल्याने लागत नाही, हे आपण सगळ्यांनी चाळीसएक वर्षे वाचले आहे. तो लागतो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून आणि सुईतून, आणि आईकडून बाळाला. त्यालाही उपचाराने बहुतेक अटकाव करता येतो. एवढेच नव्हे, औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही, हे २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या पाहण्यांनी दाखवून दिले. हे सगळे डोक्याला पटते. हाताला पटत नाही. हात ताट घेताना अडखळतोच.

आपल्याकडे काय वेगळे झाले? १९८६ साली मद्रासमध्ये रक्ताच्या शंभरएक नमुन्यांपैकी सहांत हा विषाणू सापडला; देशातले ते पहिले निदान. त्यामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. सुनीतीबाई मूळच्या मद्रासवासी मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी तिथेच रुग्णांसाठी संस्था काढली आणि आयुष्य त्यात घातले. दुसरीकडे, १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचलले. गुन्हा काय? त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एच. आय. व्ही. सापडला होता. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. आईने न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर तो इतरांसाठी उघडपणे बोलू लागला आणि १९९२ साली वारला. त्याच्या सायकलीला झेंडी लावायला कोणी सांगितले नव्हते. सरकारनेच त्याच्यावर ती लावली.

आता कायदा आहे. २०१७ साली संमत झाला, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची जागा, कुठेही या कारणाने कोणाला दूर करता येत नाही आणि कोणाचे निदान त्याच्या संमतीवाचून चारचौघांत सांगता येत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट, औषधेही २००४ पासून फुकट. १०९७ हा फोन फुकट.

हे सारे आम्ही परवा घरी सांगत होतो तेव्हा शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या होत्या. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सगळं खरं हो भाऊजी, पण त्या झेंडीवाल्यांची ताटं तरी वेगळी ठेवत असतील ना?”

“नाही वहिनी, कागदाच्या बशा सगळ्यांना सारख्याच.”

वहिनी गप्प झाल्या. त्या का गप्प झाल्या ते आमच्या सौभाग्यवतीला ठाऊक होते. आमच्या चाळीत गेली नऊ वर्षे एक बाई घरोघर दिवाळीचा फराळ करून देतात. चकलीला काटा असा की दुकानदाराने लाजावे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. कशाने गेले हे त्यांनी कोणाला सांगितले नाही, सांगायचे कारणही नव्हते. पण जिन्यावर कुजबूज झाली आणि पुढच्या दिवाळीला अकरा बिऱ्हाडांनी “यंदा फारसं करत नाही हो” असे तोंडावर गोड सांगितले. त्यांना निदान झाले आहे की नाही हे कोणालाही माहीत नाही. आणि असते तरी कढईतून काय लागणार होते?

ती कॅलिफोर्नियातली यात्रा जून २०२५ मध्ये शेवटची निघाली. खर्च वाढला, माणसे कमी येऊ लागली, तेव्हा चालवणाऱ्यांनी थांबवली. तिच्या सुरुवातीच्या समारंभात एक सायकल नुसती हाताने धरून आणत, वर स्वार नसलेली, गेलेल्यांसाठी.

वहिनींनी जाताना विचारले, “त्या फराळवाल्या बाई अजून घेतात का ऑर्डर?” सौभाग्यवतींनी नंबर दिला. वहिनींची दोन किलो चकली आणि एक किलो अनारसे लिहिले गेले. उरलेली दहा बिऱ्हाडे यंदाही दुकानातलाच चिवडा खाणार आहेत, आणि त्यात शेंगदाणे खवट निघाल्याची तक्रार आजच आमच्या कानावर आली आहे.