फुग्याआधी पाऊल

साठी उलटलेला गृहस्थ बाजाराला निघतो. शंभर-दोनशे पावले गेली की पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी दुखते. तो एखाद्या दुकानासमोर उभा राहतो. दोन-चार मिनिटांत दुखणे ओसरते आणि स्वारी पुन्हा चालू लागते. जर्मन भाषेत या विकाराला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ असे नाव आहे. आपल्याकडे ‘वात’ म्हणून तेल चोळतात. दोष असतो तो पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणीत. आतून चरबीचे थर साचून ती अरुंद झालेली असते. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागावे, उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले की निदान बहुधा पक्के. (मधुमेह्याच्या ताठरलेल्या रोहिण्या हा आकडा फसवा दाखवू शकतात.) रक्तदाबाचे यंत्र आणि हातात मावणारे डॉपलर, एवढ्यावर हे होते. पण ते करतो कोण?

निदान झाले की घरच्यांचे लक्ष थेट फुग्याकडे जाते. फुग्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली रोहिणी नळ्या सरकवून रुंद केली. बोटे काळी पडलेली, सर्जन पाय कापा म्हणत होते आणि बाई कापू देत नव्हत्या. पाय वाचला. पुढे १९७४ साली झुरिकला ग्रुन्टझिग यांनी फुगा वापरला तोही आधी पायातच. हृदयाची पाळी १९७७ साली आली.

पण त्या बाईंचा पाय सडत होता, आपल्या गृहस्थाचा सडत नाही. त्याला आधी हवे तंबाखू सोडणे, स्टॅटिन, रक्त गोठू न देणारी गोळी आणि चालणे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे. पोटातल्या मोठ्या रोहिणीपासून पायाकडे जाणाऱ्या वाटेत अडथळा असलेल्या रुग्णांची ‘क्लेव्हर’ चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी चालण्याची क्षमता स्टेंटवाल्यांपेक्षा व्यायामवाल्यांची अधिक वाढली होती. आपल्याला बरे वाटते असे मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त सांगितले, हेही नमूद करायला हवे.

तरीही कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात चालण्याचा वर्ग शोधून पाहा. नळी घातली की बिल होते. व्हरांडा, घड्याळ आणि एक फिजिओथेरपिस्ट यांचे कसले बिल करणार? ‘रोज फिरत जा’ हे दारातून निघताना म्हटलेले वाक्य उपचार नव्हे.

रात्री अंथरुणात पाय ठणकत असेल, जखम भरत नसेल, तर मात्र चालण्याची गोष्टच नको. त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचा सर्जन गाठावा. तिथेही फुगाच सरस असे नाही. पायातली स्वतःची चांगली शीर मिळत असेल तर बायपास अधिक फायद्याची, असे २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत दिसले. आणि विडीपायी तिशी-चाळिशीतच ज्यांच्या रोहिण्या बंद होतात, त्या बर्गर रोगाच्या तरुणांचा पाय राखायचा तर विडी पूर्ण सुटायलाच हवी.

बाजाराला जाणारा तो गृहस्थ एव्हाना घरीच बसू लागला आहे. आता पाय दुखत नाही म्हणतो. घरचे म्हणतात, तेल लागू पडले.